मीनलचा क्लॅप्टन, हिरामणचा किंग

श्रावणातली भुरभुर होती आणि मीनलची छत्री काही केल्या मिटत नव्हती. टेकचंद दादांच्या कॅसेटच्या दुकानात काउंटरवर आधीच एक ओली छत्री आडवी पडलेली. तिने आपली छत्री सरळ तिच्यावरच टेकवली, तर शेजारी उभा असलेला मुलगा हसला.

"ठेवा, ठेवा. दोघी मिळून गळू देत."

मीनलने त्याच्याकडे न बघितल्यासारखं करून नीट बघून घेतलं. सावळा, उंच... आणि हसताना डावा डोळा किंचित बारीक होणारा.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातलं ते दुकान म्हणजे कॉलेजच्या पोरांचा अड्डा होता. अठ्ठ्याऐंशी साल ते. कोरी कॅसेट द्यायची, काय हवं ते सांगायचं, दादा भरून देणार आणि त्यांचा भागीदार चंदू वर नावाची चिठ्ठी चिकटवणार. मीनल परचुरे अंबरनाथची, कारखान्यातल्या अधिकाऱ्याची मुलगी. पुण्याच्या मामेभावाने तिला सांगितलं होतं, जगात गिटार वाजवावी तर क्लॅप्टननेच. तिने ऐकलं नव्हतं काहीच, पण मत मात्र पक्कं करून ती आली होती.

"दादा, एरिक क्लॅप्टन," ती रुबाबात म्हणाली.

"आणि मला बी. बी. किंग," शेजारचा म्हणाला. "म्हणजे... खरी गिटार."

"म्हणजे आमची खोटी?"

"मी कुठे म्हटलं? तुम्हीच म्हणालात."

झालं! ठिणगी पडली ती अशी. मुलाचं नाव हिरामण भोईर, राहणार पालेगाव, कॉलेज तेच. त्यानेही किंगचं नाव कल्याणच्या एका वाद्यांच्या दुकानात नुसतं ऐकलेलं होतं. पण हे त्या दोघांपैकी कोण कबूल करणार?

दुसऱ्या दिवशी दोघांनी आपापल्या कॅसेटी नेल्या आणि मग वाद असा रंगला की दादांनी चक्क दोन स्टुलं काउंटरबाहेर आणून ठेवली.

"क्लॅप्टन एकच सूर धरतो ना... आणि तो असा थरथरवतो की पोटात कालवतं," मीनल सांगायची. "त्याला घाई म्हणून नाही. आधी गातो, मग गिटार त्याला उत्तर देते. तुझा किंग नुसता पळत असेल."

"पळतो? अगं, बोटं कशी वळतात त्याची! एकातून एक, एकातून एक... तू ऐक तरी!"

"मी कशाला ऐकू? मला कळतं ते."

"तुला काय काय कळतं, मीनल?" तो हळूच विचारायचा आणि डावा डोळा बारीक करायचा. मग मीनलला उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधावं लागायचं.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. गणपती गेले, दिवाळी गेली. वादात हेंड्रिक्स, जिमी पेज असे दुसरे गिटारवालेही आले, पण ते पाहुण्यासारखे. घरचं भांडण क्लॅप्टन आणि किंगचंच. हरायची तयारी एकाचीही नव्हती, कारण हरलं की भेटायला कारण काय उरणार?

एकदा कॉलेजच्या मागच्या भिंतीपाशी हिरामण नखाने पोपडा काढत होता. मग म्हणाला, "एक सांगू? हसणार नाहीस?... मी गिटार वाजवतो. नाथाकाकाच्या बँजो पार्टीत. हळदीला, साखरपुड्याला. कॉलेजात कोणाला माहीत नाही. पोरं टिंगल करतील."

"मी नाही हसणार," मीनल म्हणाली. आणि खरंच हसली नाही. त्या दिवशी घरी जाताना तिला वाटत होतं, कुणीतरी आपल्या ओंजळीत काहीतरी ठेवलंय आणि ते सांडता कामा नये.

पण ते तिने सांडलं.

डिसेंबरातला शनिवार होता. दुकानात तिच्या वर्गातल्या पाच-सहा जणी होत्या, दोन-तीन मुलं होती. वाद नेहमीचाच, पण त्या दिवशी हिरामण जिंकत होता. मुलं त्याच्या बाजूने टाळ्या पिटत होती. "मॅडमनी पुण्याच्या भावाचं पाठ केलंय, बाकी काही नाही," असं तो हसत हसत म्हणाला आणि मैत्रिणीसुद्धा खिदळल्या. ते नेमकं वर्मी लागलं, कारण ते खरं होतं.

"असू दे," मीनल ताडकन म्हणाली. "हळदीत बँजो पार्टीत वाजवणाऱ्यांनी मला गिटार शिकवू नये!"

क्षणभर कुणाला कळेना. मग कळलं आणि हशा फुटला. कुणीतरी तोंडाने बँजो वाजवला, कुणीतरी कमरेवर हात ठेवून नाचून दाखवलं.

हिरामणने फक्त मीनलकडे पाहिलं, कॅसेट खिशात टाकली आणि तो पायऱ्या उतरून गेला. तो दुकानात परत आला नाही. कॉलेजात दिसला की वाट बदलायचा.

मीनल आपल्या मनाची समजूत घालत राहिली. तोच बोलला आधी. आणि वादात चालतंच की. शिवाय क्लॅप्टनच्या बाबतीत मी बरोबरच होते... निदान तेवढं तरी होतंच.

तेवढंही राहिलं नाही. आठ दिवसांनी, रविवारी दुपारी घरी तिची आई, माई, मटार सोलत होती, अण्णा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरत होते, रेडिओवर इंग्रजी गाणी चालली होती. आणि अचानक तिचं गाणं लागलं! तिच्या कॅसेटमधलं, तोच थरथरणारा सूर, तेच गिटारचं उत्तर. मीनल धावत जाऊन रेडिओपाशी बसली. "माई, ऐक, ऐक! हा माझा क्लॅप्टन!"

गाणं संपलं. निवेदिका गोड आवाजात म्हणाली, आत्ता आपण ऐकलेत बी. बी. किंग.

"कोण म्हणाली?" माईने विचारलं.

मीनलचे कान तापले. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि उशीत तोंड खुपसून बसली. चार महिने! चार महिने ज्याला नावं ठेवली त्याचीच गिटार ऐकून ती रडत होती. स्वतःचं हसं झालं याची लाज होतीच. पण तिच्या तळाशी दुसरी लाज होती आणि ती पहिलीसारखी उशीत तोंड खुपसून जात नव्हती. चिठ्ठी चुकली असेल, त्यात तिचा काय दोष? पण हिरामणने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सगळ्यांसमोर फेकली, ती तिने स्वतः फेकली होती. ते कुठल्या चिठ्ठीवर ढकलणार?

सोमवारी कॉलेज बुडवून ती सायकलने पालेगावात गेली. भाताची कापणी झालेली, खाचरं मोकळी, घरापुढच्या अंगणात वालाच्या शेंगा वाळत घातलेल्या. दारात त्याची आई, इंदुबाई, सुपात काहीतरी पाखडत होती.

"कोन गो तू? हिरामनचे कॉलेजची? बस बाय, च्या ठेवतंय. त्यो मांगं हाय, बँजोवाल्यांसंगं."

परसात आंब्याखाली हिरामण गिटारची तार बदलत होता. तिला पाहून बाकीचे दोघं तिघं उठून गेले.

"बोला," तो म्हणाला. "तुम्ही इकडे कशा?"

त्या 'तुम्ही'ने मीनलच्या डोळ्यांत पाणी आलं. "हिरामण, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं. मला फार... फार लाज वाटतेय. माफ कर."

तो तार पिळत राहिला. "राग आला होता. खोटं कशाला बोलू? बँजो पार्टीची मला लाज नाही, मीनल. पण तुला सांगितलं होतं ते तुला म्हणून सांगितलं होतं." मग त्याने वर पाहिलं. "बोललीस सगळ्यांसमोर. आणि माफी इथे, आंब्याखाली... एकटीच?"

इंदुबाईंचा चहा तिने उभ्या उभ्याच घेतला, त्याची चवही तिला कळली नाही.

शनिवार उजाडेपर्यंत तिने तीन वेळा आजारी पडायचं ठरवलं. एकदा तर माईने खरंच काढा केला. पण शनिवारी ती दुकानात गेली. सगळे होते. हिरामण कुठे दिसत नव्हता. तिने कॅसेट काउंटरवर ठेवली.

"ऐका जरा," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, मैत्रिणी दचकल्या. "गेल्या वेळी मी हिरामणला बँजो पार्टीवरून बोलले. त्याने ते मला विश्वासाने सांगितलं होतं. मी वादात हरत होते म्हणून ते वापरलं. तो हलकटपणा होता." ती थांबली, मग डोळे मिटून बाकीचंही बोलून टाकलं. "आणि... माझ्या कॅसेटमध्ये क्लॅप्टन नाहीच. किंग आहे. मला चार महिने कळलं नाही. मला गिटारमधलं काहीच कळत नाही."

जो हशा झाला त्याला तोड नव्हती. कुणीतरी काउंटर बडवला. दादाही पोट धरून हसत होते. मीनल तिथेच उभी राहिली. पळून जायचं नाही एवढंच तिने ठरवलं होतं.

"हसताय काय?" मागून आवाज आला.

पायरीवर हिरामण उभा होता. कधीपासून, कोण जाणे. तो गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने खिशातली कॅसेट तिच्या कॅसेटशेजारी ठेवली. त्याचेही कान लाल झाले होते.

"मला पण हसा मग. ह्या माझ्या किंगमध्ये क्लॅप्टन आहे. रविवारचा रेडिओ मीही ऐकला, त्यातल्या किंगचा आवाज माझ्या कॅसेटमधला नव्हताच. सोमवारी आंब्याखाली हिला सांगायची माझी हिंमत झाली नाही... वर ऐटीत माफी मागायला लावली. ही बोलली तरी."

दुकान पुन्हा हसलं, पण आता हसणं दोघांत वाटलं गेलं होतं आणि मीनलला ते निम्मंच जड वाटलं.

दादा मात्र गंभीर झाले. "अरे चंदू, ये कैसे हुआ साईं? उस दिन मैंने तो लाइन से रखा था. पहले क्लॅप्टन, बाद में किंग."

"पहिला म्हणजे डावीकडचाच ना, दादा?"

"डावा क्यों? उजवा! शुरू तो उजवे से होता है ना!"

सगळे दादांकडे बघत राहिले. चाळीस वर्षं सिंधीत, उर्दूसारख्या लिपीत लिहिणारा माणूस तो. त्याची ओळ उजवीकडून सुरू होणार, त्याच्या कॅसेटीही उजवीकडूनच मांडल्या जाणार. चंदू मात्र मराठी शाळेत शिकलेला. त्याने डावीकडून चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

"लाओ, अभी बदल देता हूँ," दादा नख लावून चिठ्ठी काढू लागले. हिरामणने त्यांचा हात धरला. "राहू दे, दादा."

पोरं पांगली. बाहेर थंडीचं ऊन पडलं होतं. दोघं पायऱ्यांपाशी उभे राहिले, दोघांनाही वर बघवत नव्हतं.

"आता सांग," हिरामण हळूच म्हणाला. "मोठा कोण?"

"माझ्याकडे आहे तो," मीनल म्हणाली. "तोच. नाव काहीही असो."

"बघ हं... म्हणजे किंग म्हणतेस तू. हरलीस."

"तूही तुझ्याकडचाच मोठा म्हणशील ना? मग तूही हरलास."

तो हसला, डावा डोळा बारीक करून. किती दिवसांनी! मग जरा अडखळत म्हणाला, "मीनल... तुझ्याकडची कॅसेट खरं तर माझी आहे. मी सांगून भरून घेतलेली."

मीनलने कॅसेट दोन्ही हातांत घट्ट धरली.

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणून तर परत देत नाही."