रविवारचं तेल

रेल्वेचं फाटक उघडलं, मी किल्ली फिरवली, आणि मागच्या मोटरसायकलवरचा माणूस उतरून थेट माझ्या खिडकीशी आला.

"जरा बंद करून परत चालू करता?"

मागे हॉर्नचा नुसता गलका. हा कोण टिकोजीराव, असं मनात आलं खरं. पण डॉक्टरने 'श्वास घ्या' म्हणावं तसं त्याने विचारलं होतं. मी मुकाट्याने ऐकलं. त्याने बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले.

"टिकटिक येतेय. किती दिवस झाले?"

"दोन महिने."

"गाडी किती फिरलीय?"

"तीन लाख बारा हजार."

"बाप रे!"

"त्यांचीच आहे," मी म्हणाले. "माझ्या बाबांची."

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून आई दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसायला तयार नव्हती. दादाच्या मते इंजिन संपलं होतं. महिनाअखेरीस भंगारवाला येणार, हे त्याने ठरवूनही टाकलं होतं. त्याआधी आवाजाचं कारण सापडलं तरच गाडी राहणार होती. म्हणून त्या शनिवारी मी फाटकावर भेटलेल्या मेकॅनिकने दिलेल्या पत्त्यावर, त्याच्या गॅरेजवर गेले, गावाच्या दुसऱ्या टोकाला... आणि तिथे पोहोचेपर्यंत आवाज गायब!

"तुमच्या दारात आली की कशी गुणी होते बघा," मी वैतागून म्हणाले.

"पाहुण्यांसमोर मुलं होतात तशी." तो हसला नाही, पण डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या. "तेल बदललंय ना?"

"बाबांनी सगळं सर्व्हिसिंग केलं होतं. जायच्या महिनाभर आधी."

मग मी बाबांबद्दल बोलत सुटले. तो हातातलं फडकं विसरून ऐकत राहिला. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तिसऱ्या शनिवारी त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि लाकडी मूठ माझ्या कानाशी धरली.

"ऐका. वरची टिकटिक बरी होते. खालून जड ठोका आला, तर मात्र..."

"तर?"

त्याने मान आडवी हलवली. त्याचं मनगट माझ्या गालापासून बोटभर अंतरावर होतं. मला इंजिन ऐकू येत होतं की माझंच काळीज, देव जाणे.

"तू आवाज शोधायला जातेस की मेकॅनिक बघायला?" दादाने त्या संध्याकाळी विचारलं. मी ताट उचलून आत गेले.

शेवटी मेकॅनिकच म्हणाला, "इंजिन थंड असताना ऐकायला हवं. रविवारी सकाळी मी येतो. तोवर किल्लीला हात लावू नका." त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, भंगारवाला येणार होता.

तो आला तेव्हा आई शाल गुंडाळून खाली उभी होती. किल्ली फिरवण्याआधी त्याने तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, आत घालून पुन्हा काढली. मग नुसता बघत राहिला. पट्टीच्या अगदी टोकाला काळा ठिपका होता. बाकी कोरडी ठणठणीत.

"जुनं इंजिन तेल पितं," तो हळू म्हणाला. "मधेमधे वरून घालावं लागतं. कोण घालायचं?"

"कुणीच नाही," मी म्हणाले.

"कुणीतरी घालत होतं."

आईने डिकी उघडली. स्टेपनीच्या मागे, बाबांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला तेलाचा डबा होता. अर्धा भरलेला.

"रविवारी सकाळी अर्धा तास खाली असायचे," आई म्हणाली. "मला वाटायचं, गाडी पुसतात."

वळणावर डॅशबोर्डवर लुकलुकणारा तेलाचा लाल दिवा मला आठवला. म्हातारी गाडी डोळे मिचकावते, असं म्हणून मी हसले होते. चार महिने मी तिला कोरड्या घशाने पळवली. बाबांनी वर्षानुवर्षं जपलेली वस्तू मी चार महिन्यांत मारली. मी पायरीवरच बसले आणि रडले, आईसमोर, त्याच्यासमोर.

तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

"चूक माझी जास्त आहे. पट्टी पहिल्याच दिवशी काढायची असते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यालाही मी हेच आधी शिकवतो. पण तुम्ही बोलत होतात... आणि मी तीन शनिवार फक्त तुमच्याकडे बघत राहिलो. बारा वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नाही."

आई डबा घेऊन उगाच दुसरीकडे बघू लागली.

त्याने बाबांच्याच डब्यातलं तेल ओतलं, कमी पडलं ते स्वतःकडचं घातलं. दहा मिनिटं थांबलो. मग मी किल्ली फिरवली. टिकटिक... टिकटिक... आणि हळूहळू विरून गेली. तो गाडीखाली सरकला, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून. मला नुसते त्याचे बूट दिसत होते. ते बराच वेळ हलले नाहीत.

तो बाहेर आला. "खालचा ठोका आहे. बारीक आहे, पण आहे. खोटं सांगणार नाही."

"म्हणजे गेली?"

"नाही. लांबच्या प्रवासाला नेऊ नका. हळू चालवली, तेल चुकवलं नाही, तर वर्षभर चालेल. कदाचित दोन."

आईने पुढचं दार उघडलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. "दादाला फोन कर. म्हणावं, उद्या कुणाला पाठवू नकोस. वर्ष तर वर्ष."

तो बाबांच्या बनियनला हात पुसणार होता. थांबला, घडी घालून ते माझ्या हातात दिलं.

"दर रविवारी पट्टी बघावी लागेल. सोपं आहे, दोन मिनिटांत शिकवतो."

बनियनला तेलाचा वास होता. बाबांच्या रविवारचा.

"नको शिकवू," मी म्हणाले. तुम्हीचं तू कधी झालं, मलाही कळलं नाही. "तूच येत जा."

त्याने मान हलवली. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तो हसला.