आधी वाचलेली पानं

अँटिव्हायरस अपडेट झालं की नेट सुस्त होतं, ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते. धुळ्यात देवपूरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. ब्राउझर साफ करायचा, नको ती एक्स्टेंशन्स काढायची आणि तरी फरक पडला नाही तर अँटिव्हायरसमधलं वेब शील्ड बंद करून पाहायचं. वेब शील्ड म्हणजे दारावरचा पहारेकरी. आपण उघडलेलं प्रत्येक पान आधी ते तपासतं आणि मग आपल्याला दाखवतं. अपडेटनंतर हा पहारेकरी कधी कधी फाजील कडक होतो, एवढंच. बऱ्याचदा हे सगळं मी दुकानात बसूनच उरकतो.

दिपमालाताईंचं काम मात्र दुकानात बसून होईना. त्या अमळनेरला राहतात. कॉम्प्युटर माझ्याकडूनच नेलेला. स्पर्धा परीक्षांच्या एका क्लाससाठी त्या घरून चालू घडामोडींच्या नोट्स तयार करतात. सकाळपासून मराठी बातम्यांची पानं वाचायची आणि दुपारपर्यंत सगळं टाइप करून पाठवायचं. अपडेट झाल्यापासून एकेक पान उघडायला इतका वेळ लागायचा की नोट्स रोज उशिरा जात होत्या. क्लासवाल्यांनी दोनदा समज दिली होती. वडील अंथरुणाला खिळलेले, आई थकलेली. त्यांना घर सोडून दुसरीकडे नोकरी धरणं शक्य नव्हतं. मी दुरून जोडून सगळे उपाय करून पाहिले. शेवटी म्हटलं, येऊनच पाहतो.

थंडीचे दिवस होते. रस्त्याला कापसाने भरलेल्या गाड्या लागत होत्या. घर स्टेशनच्या बाजूला, जुन्या तेल गिरणीच्या मागच्या गल्लीत. बाहेरच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिथून खाटेचं पायथ्याचं टोक दिसत होतं.

आधी नेटचा वेग मोजला. वेग चांगला होता. मशीनवर ताण नव्हता. पान अडकलेलं असताना प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला दिसायचा. वेब शील्ड बंद केलं की पानं झटकन यायची, चालू केलं की पुन्हा अडकायची. रोग कुठे आहे ते कळलं होतं. पण मशीन एकदा बंद करून सुरू केलं की शील्ड आपोआप चालू व्हायचं, आणि त्याची सेटिंग काही केल्या टिकत नव्हती.

ते सगळं काढूनच टाकायचं मी ठरवलं. पण त्याआधी एक गोष्ट खटकली म्हणून पडताळून पाहिली. फोटोंनी भरलेलं जड पान उघडलं, ते लगेच आलं. इंग्रजी वर्तमानपत्र उघडलं, तेही लगेच आलं. मराठी अग्रलेख उघडला आणि पांढरा पडदा तसाच राहिला. चार ओळींची मराठी बातमी थोड्या वेळात आली. मोठ्या लेखाला खूप वेळ लागला. पान किती जड आहे याच्याशी या वेळेचा काहीच संबंध नव्हता. संबंध मजकुराच्या लांबीशी होता, आणि तोही फक्त मराठी मजकुराच्या.

फॉन्टची भानगड असेल असं वाटलं, म्हणून तीच पानं मी माझ्या मोबाइलवर उघडली आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहू लागलो.

मोबाइलवर ‘निवडणुक’ लिहिलं होतं, स्क्रीनवर ‘निवडणूक’. मोबाइलवर ‘दुरूस्ती’, स्क्रीनवर ‘दुरुस्ती’. एका स्थानिक बातमीत ‘आर्शीवाद’ होतं. स्क्रीनवर तिथे ‘आशीर्वाद’ आलं होतं. दुसरी साइट उघडली, तिसरी उघडली. मोबाइलवर चुका होत्या. स्क्रीनवर एकही नव्हती.

अँटिव्हायरस शुद्धलेखन तपासत नाही. तसं काही मी कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. दिपमालाताईंना मी दोन्ही पडदे शेजारी धरून दाखवले. मग त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील, हिलाल आबा, इथल्या एका छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासायचे. लग्नपत्रिका असो की संस्थेचा अहवाल, आबांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मजकूर मशीनवर चढायचा नाही. घरातसुद्धा पेपर आधी ते वाचणार, पेन घेऊन, आणि मग बाकीच्यांनी. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मागच्या वर्षी पक्षाघात झाला. वाचा गेली, उजव्या हाताचा अंगठा सोडला तर अंग हलत नाही, आणि जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दृष्टीही गेली.

हे सगळं त्यांनी खालच्या आवाजात, आतल्या दाराकडे पाठ करून सांगितलं.

राउटर आतल्या खोलीत होता, आबांच्या उशाशी असलेल्या फळीवर. तो एकदा पाहून घ्यावा म्हणून मी आत गेलो. दिपमालाताईंना म्हटलं, एक मोठा लेख उघडा आणि आला की सांगा. राउटरचे दिवे मला पाहायचे होते.

खाटेशेजारी त्यांच्या आई, सुमनबाई, शेंगा सोलत बसल्या होत्या. आबा उताणे निजलेले. अंगावर पट्ट्यांची चादर. खोलीत औषधी तेलाचा आणि धुतलेल्या कपड्यांचा वास होता. त्यांचे डोळे उघडे होते आणि छताकडे लागले होते.

बाहेर माऊसचा आवाज झाला.

आबांचे डोळे डावीकडे गेले. तिथून सावकाश उजवीकडे सरकले आणि पटकन पुन्हा डावीकडे आले. पुन्हा सावकाश उजवीकडे. पुन्हा डावीकडे. दर खेपेला नजर किंचित खाली उतरत होती. मी राउटरकडे पाहायचं विसरलो. चादरीवरचा अंगठा मध्येच हलला आणि त्याच्या नखाने कापडावर एक बारीक तिरकी रेघ ओढली. डोळे पुढे सरकले.

मी त्यांच्या चेहऱ्यासमोर हात धरला. पापणी लवली नाही. नजर माझ्या हाताच्या आरपार ओळीच्या शेवटापर्यंत गेली.

डोळे थांबले.

“आलं,” बाहेरून दिपमालाताई म्हणाल्या.

मी त्यांना दुसरं पान उघडायला सांगितलं. माऊस वाजला, डोळे डावीकडे गेले. इंग्रजी पान उघडायला सांगितलं, तेव्हा डोळे जागचे हलले नाहीत आणि पान लगेच आल्याचं त्या म्हणाल्या. पुन्हा मराठी पान, पुन्हा तेच.

सुमनबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचे हात शेंगांवर थांबले नव्हते.

“बठ्ठं वाचतस त्या,” आबांकडे हनुवटी करून त्या म्हणाल्या. सगळं वाचतात ते. “आते कुठे जराशी शांत शेतस.”

त्यांच्या सांगण्यातून कळलं ते असं. पक्षाघातानंतर आबांची नुसती तगमग चालायची, ते रात्ररात्र घशातून आवाज काढायचे. मग एक दिवस दिपमालाताई बाहेर म्हणत होत्या की कॉम्प्युटरवर काहीतरी अपडेट होतंय, आज काम होणार नाही. त्याच दिवसापासून आबांचा घसा शांत झाला. लेकीला सुमनबाईंनी हे सांगितलं नव्हतं. ती घाबरेल आणि बंद करेल, म्हणून.

दिपमालाताई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. खात्री करायला त्यांनी मला टेबलाशी बसवलं आणि स्वतः खाटेशी उभ्या राहिल्या. मी समोर दिसेल ती बातमी उघडली. पान अडकलं. पान आल्यावर मी हाक मारली, तरी त्या आल्या नाहीत. उठून पाहिलं तर त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या आणि वडिलांच्या पायावर हात ठेवून त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

मी परत टेबलाशी आलो आणि मघाची बातमी सहज वाचली. मुंबई-आग्रा महामार्गावर सोनगीरजवळ सकाळी एक गाडी उलटली होती. अपघातात चालकाचा मृत्यू झाला आहे, असं शेवटचं वाक्य होतं.

सवयीने मोबाइलवर तेच पान उघडलं. तिथे शेवटचं वाक्य होतं, अपघातात चालक गंभीर जखमी झाला आहे.

पान पुन्हा उघडून पाहिलं, तेच. साइटवाल्यांनी बातमी बदलली असेल आणि मोबाइलवर जुनी येत असेल, असं मी दिपमालाताईंना म्हणालो. मोबाइलवर जुनं पान साठलेलं राहतं, असं होतं कधी कधी. त्यांनी त्यांचा फोन आणला. त्यावरही चालक जखमीच होता. आम्ही साइट बदलून पाहिली. सगळीकडे तो जखमी होता, धुळ्याच्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार चालू होते.

सुमनबाईंनी चहा आणून ठेवला. कुणी कपाला हात लावला नाही. दिपमालाताई फोनवरचं ते पान पुन्हा पुन्हा उघडत होत्या. चहावर साय धरली तेव्हा त्यांचा हात थांबला. त्यांनी फोन माझ्यासमोर ठेवला.

अपघातात चालकाचा मृत्यू झाला आहे.

वाक्य तेच होतं, अक्षर न् अक्षर.

“काढून टाका ते, योगराजभाऊ,” त्या म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता.”

“नको वं, पोरी,” सुमनबाई म्हणाल्या. “त्यास्ले काय ऱ्हायनं दुसरं?”

रोज हेच वाचायचं माझं काम आहे, असं दिपमालाताई आईला म्हणाल्या. उद्या यात कुणाचं नाव येईल ते मला आधी कळायला नको. आई उठून आत गेल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या.

अँटिव्हायरस मुळापासून काढायला एक छोटं टूल लागतं. अशी टूल्स मी माझ्या दुकानाच्या वेबसाइटवर ठेवतो आणि कुठेही गेलो की तिथून उतरवून घेतो. हात चालू ठेवणं बरं वाटत होतं. मी पत्ता टाइप केला आणि एंटर दाबलं.

पडदा पांढरा झाला.

ती साइट मराठीत आहे हे मला तेव्हा आठवलं. मजकूर कामिनीने, माझ्या बायकोने लिहिलेला आहे. दुकानात तीही बसते. तिचं मराठी चांगलं, तिने प्रत्येक शब्द पाहून घेतला होता.

मजकूर थोडाच होता. तरी पान येईना.

आत खाट किरकिरली. चादरीवर नख ओढल्याचा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा आला.

पान आलं.

वर दुकानाचं नाव, पत्ता, फोन. खाली दुकानाची ओळख करून देणारं एकच वाक्य. मी ते वाचलं. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते लक्षात आलं नाही. दिपमालाताई पाठीशी उभ्या होत्या. मी खाली सरकलो, टूल उतरवून घेतलं, चालवलं आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं.

सगळी पानं झटकन येऊ लागली. अग्रलेख आला. ‘निवडणुक’ आलं, ‘आर्शीवाद’ आलं. दुसरं अँटिव्हायरस घालून दिलं आणि पुन्हा सगळं तपासलं. कुठे काही अडकलं नाही. दिपमालाताई लगेच नोट्स टाइप करायला बसल्या. आतून सुमनबाईंचा हळू आवाज येत होता. त्या आबांशी काहीतरी बोलत होत्या. मी दारातूनच निरोप घेतला. आबांचे डोळे छताला लागलेले होते. घशातून आवाज सुरू झाला होता.

गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल उभी होती. किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. मोबाइल काढला आणि दुकानाचं पान उघडलं.

‘आम्ही दोघे हे दुकान चालवतो.’

कामिनीने लिहिलं होतं ते असं. आत स्क्रीनवर मी वाचलं होतं ते वाक्य लहान होतं.

‘मी हे दुकान चालवते.’

‘आम्ही दोघे’च्या जागी ‘मी’ आलं होतं. शेवटच्या शब्दात फारसं काही करावं लागलं नव्हतं. ‘तो’चा काना तेवढा काढला होता. मात्रा तशीच ठेवली होती.