पहिल्यांदाच आलेला माणूस

“आधी विचारायचं, काही खाल्लंय का. सिगारचं नाव नंतर. आणि पहिल्यांदा आलेल्याला शिकवल्याशिवाय पाठवायचं नाही, मग तो कुणी का असेना.”

माझ्याआधी इथं हेच काम करणाऱ्या दोमितिलानं मला हे सांगितलं तेव्हा ती थंड खोलीत शिडीवर उभी होती आणि मी खाली पेट्या धरून. त्याला एकतीस वर्षं झाली. ती जाऊनही आता नऊ होतील. तिचं हे सांगणं मी अजून मोडलेलं नाही.

आमचं सिगारचं दुकान वेदादो या वस्तीत, सतरा नंबरच्या रस्त्यावर, एका जुन्या घराच्या तळमजल्यात आहे. बाहेरची फरशी झाडांच्या मुळांनी उचलून टाकली आहे, त्यामुळे गिऱ्हाईक आत येतं ते खाली बघतच. डावीकडे खिडकीशी तेओफिलोचं टेबल. उजवीकडे चामड्याच्या चार खुर्च्या. मागे काचेचं दार आणि त्यापलीकडे थंड खोली, जिथं माल ओलाव्यात निजवलेला असतो. वीज गेली की मी तिथं ओली फडकी टांगते. वीज रोजच जाते.

माणसं आम्ही तिघं. मिगदालिया व्यवस्थापक, तिचा आवाज कोपऱ्यापर्यंत जातो. दिवसाकाठी एकच बारीक सिगार ओढते, दुकान बंद करताना, पायरीवर बसून. तेओफिलो चव्वेचाळीस वर्षं गिऱ्हाइकांसमोर सिगार वळतो आहे आणि मला अजून ‘पोरी’ म्हणतो, मी चोपन्नची असून. मी निवड करून देते. पान नाकाशी नेलं की ते कुठल्या मळ्यांतलं, सान लुईसचं की रेमेदियोसचं, हे मला सांगता येतं. यात माझं कौतुक काही नाही. माझे वडील तंबाखूचं कोठार राखायचे आणि मी तिथंच रांगले. वरच्या फळीला दोमितिलाच्या पावडरीचा वास अजून आहे. मिगदालियाला तो येत नाही. मी रोज सकाळी घरी संत सान लाझारोच्या मूर्तीपुढचं पाणी बदलते, दुकानात येते, आणि कामाला हात लावण्याआधी क्षणभर त्या फळीशी उभी राहते.

नवख्याचं आमचं ठरलेलं असतं. पोटात काही नसेल तर पाव आणि पेरूची बर्फी. मग बारीक, सौम्य सिगार. मोठी मागितली तरी नाही. धूर गालात ठेवायचा, छातीत न्यायचा नाही. राख झटकायची नाही. विझवताना चिरडायची नाही. ठेवून द्यायची, ती आपली आपण जाते. शिकवण्याचं आम्ही काही घेत नाही. एकच रीत आहे, तीही दोमितिलाचीच: शिकून गेलेला माणूस पुन्हा आला आणि समोर कुणी नवखा बसलेला असला, तर शिकवायचं काम त्याचं. एका निवृत्त खलाशानं एका नवऱ्या मुलाला असं शिकवायला घेतलं होतं. दोघं तीन तास भांडले आणि जाताना गळ्यात पडले.

तो माणूस पहिल्यांदा आला तो ऑक्टोबरातला मंगळवार होता. दुपारचे तीन. वीज नव्हती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवे बूट. खाली न बघता तो आत आला आणि अडखळला नाही, एवढं माझ्या लक्षात राहिलं. बोलण्यावरून कुठलाच कळेना. ना आमच्या शहरातला, ना पूर्वेकडचा, ना परका. म्हणाला, पहिल्यांदाच आलोय, काही येत नाही.

मी विचारलं, काही खाल्लंय का. त्यानं बराच विचार केला. जणू तो प्रश्न त्याला कधी कुणी विचारलाच नव्हता.

पाव त्याच्यापुढे तसाच राहिला. त्याला बघायचं होतं ते तेओफिलोचं काम, त्यातही शेवटचं: सिगारच्या डोक्यावर पानाचा इवला तुकडा फिरवून बसवतात ते. त्याला आम्ही टोपी म्हणतो. तेओफिलो खुलला. बाळाला घालतात तशी घालायची, आवळली तर रडतं, ढिली ठेवली तर पडते, असं म्हणत त्यानं दोनदा करून दाखवलं. मग त्या माणसानं पान कापायचं पातं उचललं, डाव्या हातात, आणि पहिल्याच झटक्यात टोपी बसवली. तेओफिलो हसला. म्हणाला, मला हे यायला दोन वर्षं लागली होती, तू कुठला चोर आहेस बाबा.

तो माणूसही हसला. मी जवळूनच गेले तेव्हा. ऑक्टोबरातल्या उकाड्यात, विजेविना तासभर बसलेला माणूस, आणि त्याला घामाचा, साबणाचा, कापडाचा कसलाच वास नव्हता. माझ्याच नाकाला काहीतरी झालं असेल म्हणून मी थंड खोलीत जाऊन आले. तिथं सगळं जागेवर होतं.

दुसऱ्या दिवशी तेओफिलोला टोपी बसवता येईना. पान कापलं जायचं बरोबर, पण हात डोक्याशी आला की थांबायचा. सकाळभरात अकरा सिगार वाया गेल्या. मिगदालिया म्हणाली, चष्मा बदल म्हाताऱ्या, मी टोपी म्हणते आणि तू झाकण लावतोस. तोही हसला, पण त्याची बोटं टेबलाखाली एकमेकांना चाचपत होती. मलाही वाटलं वयच असेल. डोळे, सांधे, कॉफीविना गेलेला आठवडा. कारणं पुष्कळ असतात.

पुढच्या मंगळवारी तीन वाजता तो आला. तेच बूट, तळवे अजून कोरे. म्हणाला, पहिल्यांदाच आलोय.

मिगदालियाला वाटलं थट्टा करतो आहे. तीही खमकी. तिनं त्याला समोर बसवून पेटवायचं शिकवलं: पेटीच्या लाकडाची बारीक काडी घ्यायची, ज्योत टेकवायची नाही, सिगार फिरवत कड आधी शेकून घ्यायची. त्यानं एकदा पाहिलं आणि केलं. धूर वर गेला आणि पंख्याच्या पात्यांशी पसरला. मी दोन हातांवर होते. त्या धुराला वास नव्हता.

बुधवारी संध्याकाळी मिगदालिया पायरीवर बसली आणि तिची सिगार एका बाजूनं जळत गेली. दुसरी घेतली, तीही. काड्या ओल्या आहेत म्हणाली. गुरुवारी हातातली काडी बोटांपर्यंत जळेतो बघत राहिली.

आता मला कारण शोधायचं राहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात दुकान चालवणाऱ्या सिगार कंपनीचं पत्र आलं. वळणाऱ्यांची श्रेणी-परीक्षा आमच्याकडे पुढच्या शुक्रवारी. दोन तासांत तीस सिगार. तेओफिलो नापास झाला तर त्याला गोदामात घालणार होते, पोती मोजायला. पत्र वाचून त्यानं ते घडी करून पात्याखाली ठेवलं आणि मला म्हणाला, “पोरी, हे हात मी घरी नेऊन काय करू?”

मिगदालियानं ठरवून टाकलं: मंगळवारी दुकान बंद. ती म्हणाली, दाराला कुलूप, खिडकीला फळ्या, आणि त्यानं ठोठावलं तर ठोठावू दे.

मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच नाही म्हटलं असेन.

“तुला कळतंय का, ओब्दुलिया? आता तुझी पाळी आहे.”

“कळतंय. पण कुलूप लावलं तर तेओफिलोचं त्याच्याकडेच राहिलं. आणि नवख्याला मी दारातून परतवणार नाही. तो शिकायला येतो ना? मग इथली रीतही पाळेल.”

ती म्हणाली, तुझा आवाज मऊ आहे म्हणून लोक फसतात, तू खेचरापेक्षा हट्टी आहेस. मी तिला म्हटलं, तूही समोर बस, तुझंही परत माग. ते मात्र तिनं ऐकलं नाही. त्याच्यासमोर ती पुन्हा बसणार नव्हती. पेटवायचं काय, म्हणाली, नाही ओढली तर मरत नाही मी.

मंगळवारी मी उपास केला. पावणेतीनला तेओफिलोला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं आणि त्याच्यासमोर टेबल ओढलं. पान भिजवून ठेवलं. पातं पुसून ठेवलं. त्याचे दोन्ही हात मांडीवर पालथे होते.

तीन वाजता तो आला. पहिल्यांदाच आलोय, म्हणाला.

“नाही,” मी म्हटलं. “तुम्ही तिसऱ्यांदा आला आहात. खाल्लंय का काही?”

मी पाव पुढे केला. त्यानं पावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी त्याला आमची रीत सांगितली. इथं शिकलेला माणूस पुन्हा आला की समोरच्या नवख्याला शिकवतो. हे आमचे तेओफिलो. यांना टोपी बसवता येत नाही. शिकवा.

मागे थंड खोलीत कुठंतरी पाणी ठिबकत होतं.

“आणि मला काय?” त्यानं विचारलं.

“काय हवंय?”

त्यानं डाव्या हाताचं बोट उचललं आणि स्वतःच्या नाकाला लावलं.

मला माहीत होतं तो हेच मागणार. वडिलांचं कोठार, पावसाआधीची पानं, वरची फळी; हे सगळं माझ्याकडे दुसऱ्या कशात ठेवलेलं नाही. नाक गेलं तर मी दुकानातही कुणाच्या कामाची नाही.

“इथून तुम्हाला काही नेऊ देणार नाही,” मी म्हटलं. “मी देईन. तुमच्या दारात येऊन, माझ्या हातानं. शुक्रवारी, यांची परीक्षा झाल्यावर. सान लाझारोच्या नावानं शब्द देते. मात्र आज यांचं यांना द्यायचं, आणि या दुकानाचा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही.”

मागे मिगदालियानं श्वास ओढला.

त्यानं सवड मागितली असती तरी मी दिली नसती. मग त्यानं खिशातून कागद काढला, पत्ता लिहिला, माझ्यापुढे सरकवला आणि टेबलाशी बसला.

त्यानं शिकवलं. एकदा. दोनदा. पान फिरलं, दाबलं, बसलं.

तिसऱ्यांदा तेओफिलोनं पातं हातात घेतलं.

टोपी बसली.

समोरचा माणूस पात्याकडे बघत होता, कधी न पाहिलेली वस्तू बघावी तसा. उठला. दाराशी त्याचा पाय फरशीत अडकला. तो खाली बघत गेला.

शुक्रवारी सकाळी कंपनीचे दोघे आले, लाकडी माप आणि घड्याळ घेऊन. तेओफिलोनं तीस सिगार एक तास पन्नास मिनिटांत वळल्या. एकही परत आली नाही. त्यातल्या बाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या नोंदीत हे उजवे आहेत असं लिहिलंय, चुकलंय का. मी वळून पाहिलं. तेओफिलोच्या डाव्या हातात पातं होतं. त्याच्या ते गावीही नव्हतं. उजवा हात तो फक्त आमच्याकडे बघून निरोप घेतल्यासारखा हलकेच हलवत होता.

मी म्हटलं, चुकलंय. दुरुस्त करा.

ते गेल्यावर मी एक रिकामी पेटी घेतली आणि तिच्यात पानं लावली. सान लुईसचं खालचं पान, मधलं, उन्हातलं वरचं. रेमेदियोसची दोन. एक जुनं, सात वर्षांचं. शिकवायचं तर नीट शिकवायचं, अर्धंमुर्धं नाही. वर कागदात पाव आणि पेरूची बर्फी बांधली. मग थंड खोलीत गेले आणि वरच्या फळीशी उभी राहिले. पावडरीचा वास होता. मी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले नाही.

मिगदालिया दारात आडवी उभी होती. ती म्हणाली, कागद जाळून टाक. आता तो येणार नाही, तेओफिलोचं झालं, कुणाला शब्द दिलास हेसुद्धा तुला माहीत नाही.

“शब्द मी दिलाय हे माहीत आहे,” मी म्हटलं. “तो घेऊन गेला असता तर ती चोरी होती. मी द्यायला चालले आहे. माझ्याकडून कुणी काही नेलं असं कुणाला म्हणता येणार नाही. त्यालाही नाही.”

ती बाजूला झाली. टेबलाशी तेओफिलो मान खाली घालून काम करत होता. मी पेटी काखेत धरली आणि उंबऱ्याबाहेर आले.

समोर सरकारी बेकरी आहे. चारला तिथं पाव निघतो. इतकी वर्षं मला ते आत बसल्या बसल्या वासानं कळायचं. आज रस्ता ओलांडताना रांग पुढं सरकताना दिसली, त्यावरून कळलं.