वामांचा खडक

दिवा जरा इकडे घ्या, मग सांगतो. त्या सकाळी आम्ही फक्त मोरे ईल मोजायला निघालो होतो. प्रवाळाच्या भोकांत राहणारे हे जाडजूड वाम. ते भरपूर सापडले तर प्रवाळ अजून जिवंत आहे हे मला दाखवता येणार होतं, आणि बंदरासाठी तिथे चाललेलं खोदकाम थांबलं असतं. समुद्रातल्या जीवांबद्दल लांब शिकून मी गावी परत आलो तो त्यासाठीच.

"एवढं शिकून आलास आणि करणार काय, तर वामांची शिरगणती!" ताई हसली. ती पर्यटकांना पाण्याखाली फिरवून आणते, नाव तिचीच. "माझ्या नजरेआड जाऊ नकोस. तुला धड परत आणीन, असा आईला शब्द दिलाय."

पाठीला हवेचे सिलिंडर लावून आम्ही उतरलो. खाली पाणी हिरवट आणि गार होतं. पहिल्याच कपारीतून एक डोकं बाहेर आलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मोरे ईल श्वास घेतो तो असाच. लोक उगाच घाबरतात. पुढे आणखी एक. मग प्रत्येक भोकात एक. मी हरखून पुढे पुढे जात राहिलो. सगळी तोंडं एकदम उघडत होती, एकदम मिटत होती... आणि माझा श्वासही त्याच ठेक्यात चालला होता.

फार शांत होतं. पाण्याखाली आपल्याच बुडबुड्यांचा आवाज सतत कानात असतो. तो येत नव्हता.

टण टण टण! ताई चाकूच्या मुठीने स्वतःचा सिलिंडर बडवत होती. मला वाटलं, तिलाही ईल दिसला. मी खुशीत हात हलवला. तिने मला मानेपाशी धरलं आणि वर खेचलं.

नावेत तिचे ओठ पांढरे पडले होते. "तुझे बुडबुडे का येत नव्हते रे?"

"पण मी श्वास घेत होतो, ताई..."

तिने माझ्या सिलिंडरचा हवा सोडणारा व्हॉल्व्ह चाचपला. घट्ट बंद. बरोबर येणाऱ्यांचा व्हॉल्व्ह तीच उघडते, म्हणून मी हात लावला नव्हता. मी शिकलेला, म्हणून तिनेही नाही.

"एवढा वेळ, सोन्या... कशावर?"

मी कडेवरून वाकून पाहिलं. आम्ही जिथून वर आलो, तिथे खालून बुडबुडे येत होते. थांबून, थांबून... माणूस श्वास सोडतो तसे.

मी श्वास रोखला.

बुडबुडे थांबले.