टोपणावरचा चिखल

यातलं अक्षरही कुणाला खरं वाटणार नाही, अशी पैज लावूनच भाऊजी सांगायला बसले. त्यांच्या वहिनी खासगी तपास करत. भाऊजी त्यांची पिशवी सांभाळत आणि स्वतःचं डोकं खाजवत.

त्या सकाळी डॉक्टरांच्या राखणदाराची बायको रडतच आली. डॉक्टरांच्या गाडीचं मागचं चाक बसलं होतं. आदल्या दिवशी राखणदाराला डुलकीवरून बोलणी बसलेली, म्हणून हवा त्यानेच सोडली असं ठरलं. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायची. नोकरी लागून जेमतेम पंधरा दिवस झालेले.

वहिनी फाटकात शिरल्या आणि म्हणे गाडीचा हॉर्न आपोआप वाजला.

डॉक्टर फणकारले, गाडीचं ड्रायव्हरला विचारा. ड्रायव्हर ऐटीत म्हणाला, रोज सकाळी चारही चाकांना लाथ घालतो. टणक लागलं की झालं. राखणदार जमिनीकडे बघत राहिला. भाऊजींनी तिथेच निकाल दिला, हाच तो.

वहिनींनी बसलेल्या टायरवरून तळहात फिरवला. दोन्ही कडा गुळगुळीत, मधल्या खाचा मात्र शाबूत. वाल्वच्या टोपणावर चिखल वाळून दगड झालेला. ते काढायला पकड लागली. मग त्यांनी हवा भरायला लावली आणि थुंकीचं बोट वाल्वच्या तोंडावर टेकवलं. बारीक बुडबुडा फुगला.

"भाऊजी, हवा सोडायला आधी काय काढावं लागतं?"

"टोपण."

"ते कित्येक महिन्यांत कुणी हलवलेलं नाही. म्हणजे हवा कुणी सोडली नाही, आणि भरलीही नाही. हवा कमी असली की टायर कडांवर चालतो. इतक्या कडा झिजायला महिने लागतात, पंधरा दिवस नाही. डॉक्टर, तुमचा वाल्वच झिरपतोय. लाथेला हवा कळत नसते. महिन्यातून एकदा तरी, गाडी गार असताना, मापाने बघत जा."

ड्रायव्हरचं तोंड एवढंसं झालं. त्याची बाजूही वहिनींनीच घेतली. त्याच्या उस्तादाने शिकवलं तेच तो बिचारा करत होता.

"आणि मग," भाऊजींनी आवाज चढवला, "डॉक्टरांनी भर अंगणात राखणदाराचे पाय धरले."

ऐकणाऱ्यांत मागे बसलेला राखणदार खाकरला.

"खोटं, भाऊजी. पाय नाही धरले. माझं नाव विचारलं. तोवर मी नुसता 'ए' होतो."