बिनकुळी पेशी

मेंढरू ओळखावं ते कानावरून, चालीवरून, नाहीतर ओरडण्यावरून, असं माणदेशातले धनगर पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. सरकारने ही ओळख मोडीत काढली त्याला सहा वर्षं झाली होती. आता मेंढराची ओळख रक्तावरून पटायची, आणि ती पटवायचं काम ‘सोयरीक’ करायची.

सोयरीक ही संगणकाची एक प्रणाली. तिचं बारसं डॉ. ऋजुता खांबेटे यांनीच केलं होतं, आणि त्या नावाचं त्यांना भारी कौतुक होतं. रक्तातल्या ज्या पेशी रोगजंतूंशी लढतात त्या संरक्षक पेशी. माणसाच्या संरक्षक पेशींची एक्केचाळीस कुळं त्यांच्या संस्थेने ठरवली होती. मेंढी असो, कोंबडी असो की वटवाघूळ, तिची पेशी या एक्केचाळिसांतल्या कुठल्या घरची, हे सोयरीक चुटकीसरशी सांगायची.

सुन्नताप आल्यापासून तर तिच्या शब्दावर जीव ठरत होते. या तापात आधी बोटं बधिर व्हायची, मग हात, आणि शेवटी छाती. त्याचा विषाणू माणसाच्या तेविसाव्या कुळातल्या पेशींत मुक्काम ठोकायचा. वाटसरू ओसरीवर पथारी टाकतो तसा, म्हणून त्या ‘ओसरी पेशी’. ज्या जनावरात शंभराला पाचापेक्षा जास्त ओसरी पेशी सापडतील ते मारून चुन्यात पुरायचं, असा कायदा होता.

सावळाबाई गोफणे हिच्या कळपाचं रक्त घ्यायला डॉक्टर स्वतः आल्या होत्या. तीन तालुक्यांत तिच्या काळ्या मेंढरांच्या जातीचा तेवढाच कळप उरला होता. बाकीचे चुन्यात गेले होते. सावळाबाई साठीची, नवरा आणि मुलगा दोघेही गमावलेली. सात वर्षांची नात बायडा हेच तिचं घर.

“मेंढराच्या पेशीला मानसाचं कूळ कसं लावता वं, बाई?” तिने विचारलं.

डॉक्टरांना समजावून सांगायला आवडायचं. “असं बघा सावळाबाई. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. जनुक म्हणजे काय बनवायचं त्याची कृती. पण सगळ्या कृती एकदम वापरात नसतात. समजा, घरोघरी मसाल्याचा डबा सारखाच आहे. मोहरी, हळद, हिंग या वाट्या उघडल्या की ओळखायचं, आमटी शिजतेय. वेलदोडा, जायफळ उघडलं की खीर. आम्ही पेशी फोडून तिच्या कुठल्या वाट्या उघड्या आहेत ते वाचतो. माणसाच्या ज्या पेशीशी त्या जुळतात, ते तिचं कूळ.”

“फोडल्याव पेशी जगती?”

“नाही. यादी तेवढी राहते.”

सावळाबाईने चुलीतलं लाकूड आत सारलं. “अन् आमच्यात असं कायतरी शिजत असंल, जे तुमच्यात कवाच शिजत न्हाय, तर?”

“तर सगळ्यात जवळचं काय, ते सोयरीक बघते.”

सावळाबाईने वाटी पुढे केली. डॉक्टरांनी घोट घेतला. “वा! खीर छान झालीय.”

“खीर न्हवं बाई, माडगं हाय. हुलग्याचं.”

“हो, तेच ते,” डॉक्टर म्हणाल्या आणि नळ्यांवर क्रमांक घालू लागल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही. सोयरीक नवी होती तेव्हा तिच्यात बेचाळिसावा कप्पा होता, ‘बिनकुळी’. कुठल्याच घरी न जाणाऱ्या पेशी त्यात पडायच्या. या काळ्या मेंढरांच्या तर शंभरातल्या सहा पडायच्या. वरच्या साहेबांना हे खपलं नाही. सहा टक्के माहीत नाही म्हणजे काय? माहीत नसेल तर तुम्हाला बसवलंय कशाला? तेव्हा डॉक्टरांनी तो कप्पाच बंद करून टाकला. बिनकुळी पेशी मग आपोआप जवळच्या कुळात जाऊन बसल्या, आणि अहवालात छापून आलं, ओळख शंभर टक्के. शिकल्यासवरल्या माणसांनाच जमणारी चूक ही. अडाणी माणूस निदान ठाऊक नाही असं म्हणून मोकळा होतो.

मेंढरं किती, असं विचारल्यावर सावळाबाईने एकशे बारा सांगितली. ती खोटं बोलली नाही. बिरोबाला सोडलेला एक मेंढा कळपातच चरत होता, पण तो देवाचा. देवाचं जनावर आपल्या मोजणीत धरायचं नाही, ही रीतच होती. तिने सांगितला तोच आकडा लिहिला गेला, मेंढा काही कुणाला दिसला नाही.

आठव्या दिवशी निकाल आला. ओसरी पेशी, शंभरात आठ.

“माझं एक मेंढरू आजारी न्हाय,” सावळाबाई म्हणाली. “वस्तीव कुनाला ताप न्हाय. मग ह्ये कसं?”

“स्वतः आजारी न पडता ताप बाळगणारी जनावरंच जास्त वाईट.”

“बायडा त्येंच्यातच निजती वं.”

“मग तर तिच्यासाठी तरी ऐका.”

“पक्कं सांगताय?”

“शंभर टक्के,” डॉक्टर म्हणाल्या.

खड्ड्याकडे मेंढरं जाईनात. माणसांनी काठ्या आपटल्या, तरी जाईनात. शेवटी सावळाबाईने एकेकीचं नाव घेऊन हाक मारली आणि ती मुकाट तिच्यामागून गेली. डॉक्टर तेव्हा गाडीत बसून अहवाल पुरा करत होत्या.

दीड वर्षात सुन्नताप कमी व्हायचं सोडून दुप्पट झाला. त्यातही जिथली काळी मेंढरं पुरली, तिथेच जास्त. डॉक्टरांनी आठ दिवस खोलीचं दार लावून जुन्या याद्या पुन्हा काढल्या आणि बंद केलेला कप्पा उघडला. ओसरीत बसवलेल्या शंभरातल्या आठांपैकी सहा पेशी ओसरीच्या नव्हत्याच. दोन-चार वाट्या तेवढ्या सारख्या उघड्या होत्या. उरलेल्या वाट्यांत जे शिजत होतं ते माणसाच्या रक्तात कधी शिजलेलंच नव्हतं. विषाणूला आत घ्यायचं आणि गिळून टाकायचं, एवढंच त्या पेशींचं काम असावं, असं ती यादी सांगत होती. ताप पसरवायची गोचीड. ती या मेंढरांना चावायची आणि ताप तिथेच संपायचा. मेंढरं गेल्यावर गोचीड माणसांकडे वळली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने दिली होती, तीही एकदा नाही, कळपामागून कळप.

कप्पा उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं. ओळखीचं प्रमाण शंभरावरून चौऱ्याण्णवावर का घसरलं, याचा लेखी खुलासा करावा. डॉक्टरांनी ते पर्समध्ये कोंबलं आणि माणदेशची वाट धरली. हातात यादी होती, पण पेशी नव्हती. एक जिवंत जनावर मिळालं असतं तर त्याच्या रक्तातून त्या पेशी वाढवता आल्या असत्या. पुढेमागे औषधही झालं असतं.

सावळाबाई आता एका कोंबड्यांच्या शेडवर अंडी वेचायची. शेडमागच्या पत्र्याच्या खोलीत डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, कप्प्याचंही नाही. बोलताना त्यांना रडू फुटलं. सावळाबाई रडली नाही.

“एकसुद्धा राहिलं नाही का हो? त्या जातीचं एखादं?”

“एक राहिला व्हता. देवाचा मेंढा.”

डॉक्टर ताडकन उठल्या. “कुठं आहे? आत्ता जाऊ. मी त्याला बोटसुद्धा लावू देणार नाही कुणाला!”

“बसा,” सावळाबाई म्हणाली. “तुमी मोजून गेलासा, तवा त्यो मोजनीत न्हवता. बायडा दिसभर त्येच्या गळ्यात पडायची. मला घास जाईना. देवाचा हाय, कसा द्यावा? पर तुमी शंभर टक्के म्हनला व्हता. दोन म्हैन्यानं म्याच त्येला चालवत नेला खड्ड्याव. बिरोबाम्होरं नाक घासलं. म्हनलं, देव एक डाव समजून घील, ताप काय समजून घ्याचा न्हाय.”

डॉक्टरांचं लक्ष तेव्हा कुठे कोपऱ्यात गेलं. बायडा भिंतीला टेकून बसली होती. पाहुण्या बाईकडे बघून ती हसली, पण तिने हात हलवला नाही.

“कधीपासून?” डॉक्टरांनी विचारलं.

“संक्रांतीपसनं. आदी बोटं. आता खांद्यापत्तुर.”

बैल गेला आणि झोपा केला, हे डॉक्टरांनाही कळत होतं. तरी काहीतरी बोलायला हवं, म्हणून त्या म्हणाल्या, “आम्ही त्या पेशीला नवं कूळ दिलंय, सावळाबाई. बेचाळिसावं. तुमचं नाव ठेवलंय. सावळा पेशी.”

सावळाबाईने चुलीवरचं माडगं वाटीत ओतलं, फुंकर घालून निववलं.

“नाव न्हवतं तवा ती व्हती, बाई,” ती म्हणाली आणि नातीला भरवायला बसली. बायडाने तोंड उघडलं. तिचे दोन्ही हात मांडीवर तसेच पडून होते.