धक्क्यावरची रांग

ईडन प्रेरीतल्या आमच्या लॅबमध्ये मारिसेल माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. ऑक्टोबरात मिनीआपोलिसच्या एका छोट्या थिएटरात, जिथे परभाषांतले सिनेमे लागतात, तिच्या फिलिपिन्सचा एक सिनेमा लागला. चार आठवडे, फक्त रविवारी दुपारी एक वाजता.

"पॉपकॉर्न माझं, टिश्यू तुझे," ती म्हणाली. "आमच्या सिनेमात निम्मं गाव रडतं."

मी गेले, कारण रविवारी दुपारी न्यू जर्सीतल्या एडिसनहून सासूबाईंचा फोन येतो आणि तो मला टाळायचा होता. माझा नवरा यतीन जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला गेला आणि बर्फ फुटला. पाणबुड्यांना काहीच सापडलं नाही.

"रीमा, नऊ महिने झाले गं," सासूबाई म्हणतात. "त्याचे दिवस करून टाकू या."

"बॉडी मिळालेली नाही, आई."

सिनेमात एका बेटावरचा धक्का होता. बोटीत चढणाऱ्यांची रांग होती आणि रांगेत शेवटी यतीन उभा होता. डावा खांदा किंचित खाली. अंगात करडा स्वेटर, त्या उन्हात. साम्य असतं, मी स्वतःला सांगितलं. त्याच्यापुढे अकरा माणसं होती. मोजायची मला सवय आहे.

दुसऱ्या रविवारी सात होती.

"हीरोच्या प्रेमात पडलीस की काय?" मारिसेल हसली. मी थिएटरवाल्याला जाऊन विचारलं. "एकच फाइल आहे, मॅम," तो म्हणाला. "बदलणार कशी?"

तिसऱ्या रविवारी तीन. यतीन मागे वळून काहीतरी बोलला. खाली सबटायटल आलं नाही.

"हे टागालोग नाही," मारिसेल कुजबुजली. "कुठल्या तरी बेटावरची बोली असेल."

तो म्हणाला होता, "जातो गं."

यतीन लहानाचा मोठा न्यू जर्सीत झाला. डोक्यात इंग्लिश वाक्य जुळवून मराठी बोलायचा. घरातून निघताना दर वेळी 'जातो'. "येतो म्हणावं," मी सांगायचे. "सेम थिंग, यार," असं म्हणत तो मग 'येतो' म्हणायचा. तो तळ्यावर गेला त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. त्याचं 'जातो' मी ऐकलं आणि तसंच जाऊ दिलं.

चौथ्या रविवारी त्याच्यापुढे कोणीच नव्हतं. एक पाय बोटीच्या फळीवर होता.

"जातो गं."

मी खुर्चीतून उठले. "येतो म्हण."

तो थांबला.

बोटवाल्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग फळी ओढून घेतली. बोट गेली.

यतीनने पडद्यातून थिएटरच्या खुर्च्यांकडे पाहिलं. एकेक ओळ शोधली. त्याला मी दिसले नाही.

मारिसेलने मला हात धरून खाली बसवलं. सिनेमा अजून चाळीस मिनिटं होता. आधीच्या रविवारी यतीन फक्त धक्क्यावर दिसायचा; आता बाजाराच्या दृश्यातही तो मागे उभा होता. शाळेच्या वर्गातही, भिंतीला लागून.

"हा कोण आहे?" मारिसेलने विचारलं.

शेवटी लग्न होतं. त्याच्या स्वेटरमधून पाणी गळत होतं. नाचणारी जोडपी, खाली न बघता, त्याच्या पायांपाशी साचलेल्या थारोळ्याला वळसा घालत होती.